उधारीच्या वहीतले चेहरे

आमच्या दुकानात खिळे वजनावर मिळत.
तपकिरी कागदाचा तुकडा, त्यावर मूठभर खिळे,
आणि काटा स्थिर होईस्तोवर
बाबांच्या कानामागची सुतारी पेन्सिल
कागदाच्या मोकळ्या कोपऱ्यात फिरून यायची.
बगळा. उलटी पडलेली होडी.
समोर उभ्या गिऱ्हाइकाचं कोपर.
मग पुडी बांधली जायची, चित्र आत.

घरी लोक खिळे डब्यात ओतत
आणि कागदानं चूल पेटवत.
"वाईट नाही वाटत?" नऊ वर्षांची मी विचारलं होतं.
"पेटतो ना नीट?" म्हणाले.

पायसांदूत एलादियो बेर्रुत्तींचं दुकान म्हणजे
कुलपं, बिजागऱ्या, दोर, कंदिलाच्या काचा,
आणि मागच्या भिंतीवर
नदीच्या पुरांच्या रेघा, सालासकट.
सगळ्यात उंच रेघ माझ्या डोक्याच्याही वर.
तिच्यावर बाबांनी काढलेला मासा, चष्मा लावलेला.
आईला त्यात सासरे दिसायचे.
चुना काढताना ती तेवढी जागा सोडायला लावी.

वर्षातून एक मंगळवार दुकान बंद.
पहाटेची बस, मोंतेविदेओ, संग्रहालय,
आणि तिथलं एकच चित्र.
मला नेलं एकदा.
वाटलं होतं घोडे असतील, लढाई असेल.
एक टेबल होतं.
टेबलावर पाव, सुरी, अर्धं कापलेलं लिंबू.
बाबा पाऊण तास उभे, टोपी हातात,
देवळात उशिरा पोचलेल्या माणसासारखे.
परतीच्या बसमध्ये माते ओतता ओतता म्हणाले,
"सुरीची मूठ सैल आहे. दोन रिव्हेट लागतील."
मग खिडकीकडे तोंड करून बसले
ते थेट गाव येईपर्यंत.

रंग कालवणं हा त्यांचा वेगळाच धंदा.
दोन्या सेलमीराला दारासाठी निळा हवा होता,
"नवरा गेला त्या सकाळचा."
तीन डबे वाया गेले.
चौथ्यात तिनं बोट बुडवलं, काही बोलली नाही,
डबा पदरच्या मुलासारखा कडेवर घेतला.
पैसे एकाच डब्याचे.
आई म्हणायची,
कलेनं पोट भरत नाही म्हणतात ते खोटं,
तिचं भरतं. आपलं दुकान खाऊन.

मापात पाप नव्हतं बाबांच्या.
हिशेबात होतं.
ते गेल्यावर मी आणि वाल्देमारनं
उधारीची वही उघडली, तर नावं नव्हतीच.
चेहरे होते, आणि समोर आकडे.
"हा बेकरीवाला. हनुवटी बघ."
"ही?"
"ही मेली, गेल्या थंडीत."
अशी तीसेक पानं निघाली.
पुढं आम्ही हात टेकले
आणि वही तशीच काउंटरवर ठेवली.

लोक येऊ लागले.
बोटाला थुंकी लावून स्वतःला शोधू लागले.
फागुंदेस म्हणाला, हा मी नव्हेच, माझे कान एवढे नाहीत,
आणि टोपी कानांवर ओढून निघून गेला.
एका कोळ्यानं दुप्पट मोजले,
अट एकच, पान फाडून द्या.
एक जण नुसताच हसत बसला स्वतःच्या टकलावर,
फेडायचं विसरला.
आम्हीही आठवण केली नाही.

शनिवारी, बंद करायच्या वेळेला, पेत्रोना आली.
शाळेतली शिवणबाई, सत्तरीची.
पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गेली,
पुन्हा पहिल्यापासून.
"मी नाहीच यात," म्हणाली.
मग स्वतःच हळूच,
"मी नेहमी रोख दिले."

दिवा घालवायला गेलेला वाल्देमार थांबला.
तिनं पाकीट उघडलं, मिटलं,
आणि म्हणाली, "शंभर ग्रॅम खिळे दे, बारीक.
लिहून ठेव."

मला चित्र कधी आलं नाही.
काटा हलत होता तोवर मी पेन्सिल घेतली.
नाक चुकलं. डोळे दोन वेगळ्या बायकांचे झाले.
ती वाकून बघत राहिली, चष्मा कपाळावर ढकलून.
"असू दे," म्हणाली,
"आकडा तेवढा नीट लिही."