वाइंडिंग शीट

रोज सकाळी पावणेसातला, भोंग्याच्या आधी,
मी पट्टीनं रेघा मारायचो.
नाव, नंबर, कोन किती, तुटलेले किती, शेरा.
वर मधोमध, लफ्फेदार: वाइंडिंग शीट.
वाइंडिंग खात्याचा कागद, म्हणून वाइंडिंग शीट.
एवढं इंग्रजी मला अकरा वर्षं पुरलं.

खात्यात काम एकच: सूत इथून सोडवायचं, तिथं गुंडाळायचं.
बावीस बायका, उभ्यानं,
अक्कलकोट रोडच्या पत्र्याखाली, मे महिन्यात,
पंखा बंद, कारण पंख्यानं धागा उडतो.
संध्याकाळी पापण्या पांढऱ्या.

डिक्शनरी मी किलोवर घेतली,
कन्ना चौकातल्या रद्दीवाल्याकडून.
ए आणि बी फाटून गेलेले.
पोराच्या दहावीसाठी घेतली, पोरानं उघडली नाही.
लाइट गेली की मीच उघडायचो.
शेवटाकडं, डब्ल्यूत, आमचा कागद निघाला:
जुना प्रयोग. प्रेताला गुंडाळायचं वस्त्र.

बोट ठेवून पुन्हा वाचलं.
खाली आणखी एक बारीक ओळ:
मेणबत्तीचं मेण एका अंगानं ओघळलं,
वळी पडून गोठलं, तर तिलाही हेच नाव,
आणि वळीचं तोंड ज्याच्याकडं, त्याच्या घरी मर्तिक.
समोर मेणबत्ती होती. मी ती फिरवली.
मग ध्यानात आलं, भिंतीपलीकडं येमूल राहतात,
लेकीचं बाळंतपण तोंडावर.
परत फिरवली.
शेवटी विझवून अंधारात बसलो.

दुसऱ्या दिवशी वर लिहिलं, कांडी खातं.
मॅनेजर म्हणाला, काय बे हे, कागद हेड ऑफिसला जातो.
खोडून पुन्हा तेच लिहिलं.

सांगू नये ते जेवणाच्या सुट्टीत सांगितलं.
नागमणीनं कान झाकले.
लच्छव्वा सिद्दम, नंबर चौदा,
कडक भाकरी मोडता मोडता हसली, ठसका लागेस्तोवर.
"म्हणजे रोज सकाळी गुंडाळतोस की तू आम्हाला!
मग नाव तरी नीट लिही.
सिद्दम. दोन द. एकच लिहितोस."

त्या दिवसापासून दोन लिहिले.

एका दिवाळीच्या तोंडावर कारखान्यानं गाशा गुंडाळला.
आपल्याकडं तरी काय वेगळं?
सूत गुंडाळायचं, धंदा गुंडाळायचा,
हिशेब मागणाऱ्या बायकांना गोड बोलून गुंडाळायचं,
आणि माणूसही.
उगाच इंग्रजीला नावं ठेवत होतो.

लच्छव्वा मग विड्या वळायची. खोकायची.
डॉक्टर दमा म्हणाले. ती म्हणायची, कापूस आहे,
काढून पिंजलात तर एक उशी होईल.

गेली ती बुधवारी, दुपारी.
कापड आणायला मला धाडलं, मी कारकून, मोजमापाचा.
दुकानदारानं विचारलं, किती वार?
अकरा वर्षं मी तिचे कोन मोजले होते.
तिची उंची मला सांगता येईना.
हात वर करून दाखवली: इथपर्यंत. माझ्या खांद्यापर्यंत.
त्यानं मांजरपाट दातात धरून जरा उसवलं
आणि ओढलं. कातरी लावत नाहीत.
त्या आवाजानं रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं.

घरी बायकांनी तिला गुंडाळली. नागमणी होती,
पाच-सहा जणी जुन्या खात्यातल्या.
हात सरावाचे. कुणी काही बोलेना.
खांद्यापाशी कापडात एक गाठ होती,
जाड, घाईत मारलेली, विणीत तशीच गेलेली.
नागमणीचा अंगठा तिथं थांबला.
तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

ती असती तर कोन उलटा करून चिठ्ठी वाचली असती,
आणि साचे थांबतील अशा आवाजात:
एवरिदि रा इदि?
कुणाची रे ही?

मी नखानं गाठ दाबून बघितली.
घट्ट होती.