अत्तराच्या चार कुप्या

नानलपेठेत दरकशेठच्या पार्लरमध्ये
आठाण्याला तीन जीव मिळायचे.
मला आत जायची बंदी. पोरींनी दारातून बघायचं.
त्यामुळं मला पडदा दिसलाच नाही कधी,
दिसल्या त्या पाठी.

गाडीचा आवाज वळायच्या आधी
बंकट मुळे वळायचा,
खांद्यापासून, कमरेपासून, पार चपलेच्या अंगठ्यापर्यंत.
विमान उचलायचं तर टाचा उचलायचा.
बटन ह्यातलं काही मागत नव्हतं.
बटनाला फक्त अंगठा ठाऊक,
बाकीचं अंग फुकट राबायचं,
जशी मांजरसुंब्याचा घाट चढताना
अख्खी यष्टी पुढं रेलते
अन् इंजिनला त्याचा पत्ताही नसतो.

हे खय्यूमचाचानं हेरलं.
बाजूला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं खोकं,
सोल्डरची तार दातात धरून बोलायचा:
"पोट्टे की पूरी बॉडी बोलरी.
मशीनकू एकच कान है, दुसरा लगाना पडता."

माझी आई सिव्हिलला सिस्टर.
फुटक्या थर्मामीटरांतला पारा
मलमाच्या डबीत साठवायची, फेकवत नाही म्हणून.
ती डबी मी नेली.
डबीचं काय झालं, आईला अजून माहीत नाही.
झाकण उघडलं की पारा असा पळायचा
जशी गुरुजी वह्या तपासायला उठले
की गृहपाठ न केलेल्याची नजर.

अत्तराच्या चार कुप्या, बोटाच्या पेराएवढ्या.
एकेकीत दोन टाचण्या,
टाचण्यांत तांदळाच्या दाण्याइतकं अंतर.
सायकलच्या हँडलची जुनी मूठ कापून
चारी दिशांना कलत्या बसवल्या.
मूठ डावीकडं झुकली की
डावा थेंब घरंगळून
दोन्ही टाचण्यांना एकदम शिवायचा.
बस्, एवढंच होतं ते.

रविवारी बंकटनं मूठ हवेत धरली.
टेबलाला जखडलेली नाही, कशावर टेकवलेली नाही.
तो झुकला.
गाडीही झुकली असावी, कारण पार्लर गप्प झालं,
मग असा गलका
की दरकशेठ गल्ला उघडा टाकून उठला.
पाठी हसतात हे मला त्या दिवशी कळलं.

चार दिवस चाललं.
पोरांच्या हातांना केवड्याचा वास,
आया विचारायच्या, कुणाच्या लग्नात जेवून आलास रे?
पाचव्या दिवशी एक कुपी फुटली,
थेंब शहाबादी फरशीच्या भेगेत गेला तो गेलाच.
शेठचा पारा चढला,
चाचाचा उतरला,
मूठ खिळ्याला लटकली.

खूप वर्षांनी वाचलं, समुद्रापार कुणीतरी
हेच, पाऱ्याचंच, आमच्याआधी करून
खपत नाही म्हणून गुंडाळूनही ठेवलं होतं.
चाचाला जाऊन सांगितलं.
"हौ?" म्हणाला. थोडा वेळ विचार केला.
"उनो कौनसा अत्तर लिये थे?"

परवा पुन्हा गेले.
चाचाचा उजवा हात आता सारखा थरथरतो,
चहा बशीत आधी, कपात नंतर.
नातवानं त्याच्या हातात रिमोट दिला,
पडद्यावर टेनिसचं मैदान.
सूचना आली: हात स्थिर ठेवा.
ठेवला. म्हणजे त्याला जमेल तसा.
पडद्यावरच्या पोराची रॅकेट थरथरायला लागली,
तेवढीच, त्याच लयीत.
त्या पोराला कुणी डॉक्टरचा कागद दाखवला नव्हता,
चाचाला आता सांभाळून घ्या असंही सांगितलं नव्हतं.

नातू म्हणाला, बिघडला वाटतं.
"नक्को रे," चाचा म्हणाला, "बराबर सुनरा."
मग रिमोट कानाशी नेला,
हलवून बघितला, की तो आपोआपच हलला,
"पारा नै इसमें,"
अन् डाव्या हातानं
सदऱ्याचे खिसे चाचपायला लागला
स्क्रू ड्रायव्हरसाठी.