जॉबकार्डाच्या पाठीवर

उद्यमनगरात आमच्या शॉपमध्ये
जॉबकार्डं पाठकोरी असतात.
त्यावर मी शब्द उतरवून घेतो,
मंगळवारी आणि शुक्रवारी,
राजारामपुरीत घोरपडे मॅडम सांगतात तसे.
हात दोनदा धुतलेले असतात,
तरी शब्दांना कूलंटचा वास लागतो.

पहिलाच शब्द चुकला. मी लिहिलं, ऑटोझम.
मॅडम हसल्या नाहीत.
मराठीत स्वमग्नता म्हणतात, म्हणाल्या.
घरी वाचून दाखवला तर वैजयंता म्हणाली,
"स्वतःत मग्न? ह्यो?
तिसऱ्या घरातला मिक्सर ह्याला आधी ऐकू येतोय,
ट्यूब जायची असली तर दोन दिवस आधी कळतंय.
मग्न तर आपणच हाय की वो."

सेन्सरी मला लगेच कळला.
वीस वर्षं लेथवर उभा आहे,
बेअरिंग जाणार असेल तर आधी तळपाय सांगतात,
कान मागाहून.
रणधीरला कॉलरमागची चिठ्ठी टोचते.
प्रत्येक नव्या शर्टाची मी ब्लेडनं उसवतो,
जॉबची बर काढावी तशी,
मग गालावर घासून बघतो.

टॉलरन्स. हा त्यांच्याही फायलीत आहे, आमच्याही.
आमच्यात तो ड्रॉइंगवर छापलेला असतो:
किती चुकलं तरी चालेल, हे आधीच ठरलेलं.
शाळेनं कळवलं, मुलाचा आवाजाचा टॉलरन्स कमी आहे.
शाळेचा किती,
ते लिहिलं नव्हतं.

स्टिमिंग म्हणजे डोळ्यांपुढं बोटं फडफडवणं,
जागच्या जागी गिरक्या.
"हे बंद करायचं काय?" मी विचारलं.
मॅडमनी टेबलाखाली बघितलं.
माझा पाय तिथं कधीचा हलत होता.

आय कॉन्टॅक्ट खोडलाय.
खुद्द मॅडमनीच खोडायला लावला.
पगाराचं बोलताना मीही
मालकाच्या चपलांकडंच बघतो.

इकोलालिया.
ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणणं.
त्याच्यासमोर मी लिहून ठेवलं होतं: अर्थ नाही.
रविवारी आम्ही केएमटीनं नुसतं जाऊन येतो,
खिडकीची जागा, तीच बस.
तिथला कंडक्टर रणधीरच्या तोंडात बसलाय.
"शेवटचा स्टॉप. उतरून घ्या."
आंघोळीला, ताटावर, रात्री दोन वाजता.
पाव्हणे हसायचे.
आम्हीही, थोडं.

मग कसबा बावड्यात मेहुण्याचं लग्न.
हलगी, तिच्यावर डीजे,
सेंट मारलेली तीनशे माणसं.
रणधीर खुर्चीखाली, कानांवर तळवे.
"शेवटचा स्टॉप. उतरून घ्या.
शेवटचा स्टॉप. उतरून घ्या."
कुणी म्हणालं, लाडावलाय.
कुणी म्हणालं, दृष्ट काढा.
आणि माझ्या डोक्यात
चकमध्ये जॉब नीट बसल्यावर होतो
तेवढाच आवाज झाला.

"चल," मी म्हणालो, "उतरू."
आणि उतरलो.
अक्षता मुठीतच राहिल्या.
मेहुणा अजून बोलत नाही.

राजाराम बंधाऱ्यावर कुणी नव्हतं.
तो पाण्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं.
बऱ्याच वेळानं त्यानं माझं बोट धरलं
आणि खाली नेलं,
जिथं पाणी पडून फेस होत होता तिथं.
बघ, असं.
ह्यालाही एक शब्द आहे, मॅडमनी सांगितलेला.
तेव्हा आठवला नाही.
अक्षता घामानं चिकटल्या होत्या,
त्यानं एकेक दाणा सोडवून पाण्यात टाकला.
घाई कुणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कार्ड काढलं.
'अर्थ नाही' वर काट मारली.
लिहिलं, कळायला अडीच वर्षं लागली. मला.

तळाशी एक शब्द अजून मोकळा आहे, प्रोग्नोसिस.
त्याच्यापुढं मॅडमनी काही लिहायला सांगितलेलं नाही.
तिथं तेलाचं एक बोट उमटलंय.
माझं की त्याचं, नक्की सांगता येत नाही.
परवा तो कार्डं मांडत बसला होता.