शिसं

कनॅब गावाबाहेरची पत्र्याची शेड.
गाव म्हणजे एक सिग्नल, दोन चर्चं
आणि युटाच्या लाल मातीत रुतलेला पेट्रोलपंप.
लमार तिचे पाय धरतो, मी डोकं.
टॉवेलखाली नऊ किलोंचा राग.
पंखावर बिल्ला : बासष्ट.

कॉन्डोरला आवाज नसतो.
नुसती फुसफुस, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी.
आणि वास. त्याची मला सवय आहे, लहानपणापासून.
स्वतःचीच विष्ठा वाळून पायांवर पांढरे मोजे झालेत;
उन्हात थंड राहायची तिची रीत.

एक्स-रे उजेडावर धरला.
पोटाच्या काळोखात सहा ठिपके,
मिरचीचं बी सांडावं तसे.
शिसं. "शिसपेन्सिल चघळू नकोस," आई ओरडायची.
हरणात शिरताना गोळी फुटते,
माणूस मांस घेऊन घरी जातो,
आतडी झुडपात राहतात.
बासष्ट जेवायला उतरते.

लमार ठिपक्यांकडे बघत राहतो.
चाळीस ऑक्टोबर तो त्याच पठारावर गेलाय, बंदूक घेऊन.
हल्ली तांब्याच्या गोळ्या वापरतो. महाग पडतात,
भाऊ हसतात.
"ही माझी नसणार," म्हणतो.
मग, "नसावी."

मी सुई भरते.
माझे अप्पा माण तालुक्यात जनावरांचे डॉक्टर.
खुरं सुजलेला बैल, उठू न शकणारी म्हातारी गाय,
सायकल हाणत जायचे, सुई टोचायचे.
तासाभरात कळ उतरायची. लोक पैशाऐवजी अंडी द्यायचे.
गाय मग दोन दिवसांनी मरायची, शांत.
ओढ्यापलीकडं तिला टाकली की
आभाळातून गिधाडं उतरायची, गोल गोल.
एका वर्षी थोडी कमी.
मग चार.
मग नुसती कुत्री.
त्याच औषधानं मेली, हे पेपरात वाचून
मीच अप्पांना सांगितलं.
चष्मा पुसत राहिले, धोतराच्या सोग्यानं, कितीतरी वेळ.
"बैलाला दुखत होतं गं."

बासष्टच्या मांडीत सुई जाते.
सकाळी एक, संध्याकाळी एक, अजून अकरा दिवस.
मी टॉवेल काढते न काढते
तोच ती मान वळवून लमारचा अंगठा फोडते.
रक्त मनगटापर्यंत येतं.
तो हात झटकत नाही, बघत राहतो.
"जोर आहे अजून," म्हणतो,
आणि हसतो, पहिल्यांदाच आज.