अस्तर

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती.
मग एका मंगळवारी, औशाच्या दुकानात,
मशीनच्या पायडलवर पाय असतानाच
ओलं लागलं.
उष्णता असेल, म्हटलं.
शिंप्याच्या घरात चिंध्यांना तोटा नसतो,
तीन महिने लपवलं.

धाकटी जाऊ, दैवशाला, तिनं बादली पाहिली.
"काय लपवूलालाव, बाई?
गेलेलं उगं परत येत नसतं."

लातूर. थंडगार खोली, पोटात नळी,
डॉक्टरीणबाई पडद्याकडं बघत म्हणाल्या,
अस्तर जाड झालंय. चौदा मिलिमीटर.
मी उठूनच बसले.
अस्तर?
हो, पिशवीच्या आतलं. पाळी गेल्यावर चारच्या आत हवं.

बत्तीस वर्षं मी अस्तर लावतेय.
पाण्यातून काढल्याशिवाय लावत नाही,
नाहीतर आटतं, वरच्या कापडाला ओढतं.
आणि माझ्याच आत एक होतं,
महिन्याच्या महिन्याला उसवून नव्यानं लागणारं,
त्याला टेप कधी लावली नाही.

बारीक नळीनं चिमूटभर तुकडा घेतला.
गंजगोलाईत मॅचिंगला नेते मी, तेवढाच.
आठ दिवसांनी
रंग जुळला.

कॅन्सर हा शब्द बाईंनी सरळ उच्चारला.
घरी कुणी उच्चारला नाही.
घरी म्हणाले, बार्शीला जावं लागतंय.
आमच्याकडं तेवढ्यानं कळतं.

मी विचारलं, नुसतं अस्तरात आहे
का कापडातही उतरलंय?
त्या थांबल्या. "हेच तर बघायचंय."
केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं,
उलटं वांगं, दोन्हीकडं दोन हात.
एमआरआयनंतर त्यातच पेननं रेघ मारली:
उतरलंय, पण अर्ध्याच्या आत.

पिशवी काढली. नळ्या काढल्या, बीजकोश काढले.
पोटावर उभी शिवण, एकवीस टाके, मी मोजले.
शेवटचे तीन तिरके.
मी असते तर उसवून पुन्हा घातले असते.
बार्शीत तीनदा आतून शेक.
केस गेले नाहीत,
म्हणून भेटायला आलेल्यांचा विश्वास बसेना,
पदर सरकायची वाट बघत चहा पीत बसायच्या.

रात्री कधी हात तिथं जातो.
रिकामं वाटतं असं नाही.
गिऱ्हाइकानं कपडे नेल्यावर
खुंटी दिसते, तसं काहीतरी.

आता माप घेताना
छाती, कंबर झाली की टेप गळ्यात टाकते,
आणि हळू आवाजात विचारते,
बंद झाल्यावर परत दिसलं का कधी?
बऱ्याचजणी हसतात.
एकीनं ब्लाउजपीस परत नेला.
काल आलेली, मुरूडकडची, गप्प राहिली.
मग म्हणाली, एकदाच. दिवाळीच्या आधी.
डागाएवढं.

तेच असंल असं नाही, मी म्हटलं,
पण एकदाचंही दाखवावं लागतं.
वहीचं पान फाडून दिलं तिला:
बाही साडेनऊ.
गळा मागून खोल नको.
ओपीडी सोमवार, गुरुवार, सकाळी नऊ.