झडती

एकतीस वर्षं आम्ही दोघींनी
कोरे पासपोर्ट तपासले, सुवार्तानं आणि मी.
शिवण सरळ आहे का, पान दुमडलंय का,
आकडा दोनदा तर पडला नाही ना.
भोंगा झाला की दारात हात वर करायचे.
पहाऱ्यावरची बाई कमरेवरून हात फिरवायची,
डबा उघडायला लावायची,
आणि उरलेली मेथी सरकारची नाही अशी खात्री पटली
की मग जेल रोड, मग दळण, मग पोरं.

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात
तिनं नातवाचा नकाशा माझ्या ओट्यावर पसरला,
नाशकावर बोट ठेवलं
आणि घसरगुंडीवरून पोर सोडावं तसं खाली सोडलं.
बोट समुद्राला लागलं तिथं बारीक अक्षरात एक नाव होतं.
"इथं," ती म्हणाली. "आणि जमिनीवरूनच.
ढगातून गेलं की मधलं काही कळत नाही."

शरणपूरच्या देवळात तिनं पाळकांना सांगितलं.
मी कुणालाच नाही.
पुतण्याची सॅक मागून आणली,
तिच्या बंदांना अजून हरिहरची माती होती.
बिटकोच्या चौकात भाजीवाल्यानं विचारलं, एवढं ओझं घेऊन कुठं?
सुवार्ता म्हणाली, खाली.

मोहदरीच्या घाटात तिला उलटी झाली.
सोलापूरच्या स्टँडवर मला रडू आलं,
कारण विचारू नका, मलाही सापडलं नाही.
विजापूर सोडलं तशी पाट्यांवरची अक्षरं गोल होत गेली,
जणू कुणी रात्री बसून सगळे कोपरे घासून ठेवलेत.
एक ळ तेवढा सोबत होता.
कुणाच्या तरी बोलण्यात मध्येच ऐकू यायचा,
गर्दीत माहेरचं माणूस दिसावं तसा.
मदुराईच्या पुढं कंडक्टरनं आमच्या गावाचं नाव
तीनदा म्हणून दाखवलं. आम्ही तीनदा म्हटलं.
सगळी बस हसली.
तिथं आणखी एक ळ आहे, जीभ मागे ओढून नेणारा,
खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा.
तिकीट मिळालं तरी.

बंदर म्हणजे एक धक्का, दोन बोटी,
गंजलेली यारी, मिठाचे ढीग, त्यांच्यावर झापं.
फाटकाशी खाकी टोपीतला म्हातारा होता.
त्यानं आम्हाला बघून हात उचलला,
नमस्काराला की माशी हाकलायला, देव जाणे.
आम्ही दोघींनी सॅका खाली ठेवल्या
आणि हात वर केले.
सुवार्तानं तर डबासुद्धा उघडून धरला.
तो गोंधळला. आमच्याकडे बघितलं, मागे बघितलं,
आणि मग हळूच त्यानंही हात वर केले.

असे आम्ही तिघं किती वेळ उभे होतो.
वाऱ्याला मासळीचा वास.
कुणी कुणाला तपासत नव्हतं.

परतताना सिन्नरला बस थांबली
तेव्हा तिनं अंबाडा सोडला.
आतून सुपारीएवढा मिठाचा खडा निघाला.
एकतीस वर्षांत जिनं प्रेसमधून
दोऱ्याचा तुकडा बाहेर आणला नाही, ती
माझ्या तळहातावर तो ठेवून खिडकीबाहेर बघत बसली.

सॅक मी अजून परत केलेली नाही.
खडा खिडकीत आहे, वाटीत.
आभाळ भरून आलं
की त्याला घाम फुटतो.