विटेची रेघ

सुट्टीच्या सकाळी सातपूरच्या बंद शेडांमधला रस्ता
आमचाच असतो.
खैरनारमामा विटेच्या तुकड्याने आडवी रेघ ओढतात,
म्हणतात, इथं थांब.

मी थांबते सात पावलं पुढे.
एकदा तर थेट गेटापाशी;
वॉचमन खुर्चीसकट मागे सरला.

"पुढचा ब्रेक खेचायचा नाही गं,
पेरू पिकलाय का बघतेस ना बोटांनी,
तसा दाबत जा.
मागचा सोबतीला.
आणि चाकाकडं काय बघतेस? ते कुठं पळतंय?"

एकतीस वर्षं एसटी चालवली मामांनी.
वेगाचं कौतुक नाही त्यांना.
वेग काय, उतारसुद्धा देतो, म्हणतात.

आज रेघ ओढायच्या आधीच
पत्र्यामागून कुत्री निघाली, मागे तीन पिल्लं.
बोटं आपोआप मिटली, हळू, मग घट्ट,
मोटरसायकल पुढे वाकली, थरथरली,
क्लच विसरले म्हणून इंजिन गचकन बंद.
डावा पाय डांबरावर.
शेवटचं पिल्लू चाकाचा वास घेऊन गेलं.

मामा काहीच बोलले नाहीत.
विटेचा तुकडा नाल्यात टाकला,
हात झटकले.
"पुढच्या वेळी बादली आण.
ओल्या रस्त्यावर बघू."